हात मांडीवर ठेवणाऱ्या बाई

आमच्या टायपिंगच्या बाई दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. कुणाचाही संगणक अडला की त्या शेजारी स्टूल ओढून बसत, दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." वाचायचं आपण आणि निस्तरायचंही आपणच. आज बाई नाहीत, पण ही शिस्त माझ्या अंगात मुरली आहे.

पेणकरपाड्यातला त्यांचा क्लास बंद झाला, तेव्हा तिथले जुने संगणक भंगारात घालायला त्यांचं मन होईना. त्यांनी त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स हे फुकटचं, जुन्या यंत्रांवरही चालणारं सॉफ्टवेअर चढवलं. मग मीरा रोडच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या रडतखडत चालणाऱ्या संगणकावरही ते माझ्याच हातून चढवून घेतलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या चौकटीत, पहिल्यांदा पासवर्ड टाकला, तर पडद्यावर साधं टिंबही उमटेना. मला वाटलं, कीबोर्ड गेला. बाई म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे होत नाही, असं नसतं. मुकाट्यानं टाइप कर आणि एंटर दाब."

बाकीचे नियमही असेच घरगुती. अपडेटच्या आधी आपल्या फायलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढायची. गिऱ्हाइकांची गर्दी असेल त्या दिवशी अपडेटचं नावही काढायचं नाही. नेटवरची कमांड अर्थ कळल्याशिवाय चिकटवायची नाही. "अनोळखी बाटलीतलं औषध पितोस का तू?"

एकदा ऐन कॉलेज प्रवेशांच्या दिवसांत डिस्क भरली आणि लॉगिनच होईना. बाईंना बोलावून घेतलं. बाहेर रांग. "भैया, और कितना टाइम लगेगा?" बाई स्टुलावर, हात मांडीवर. मी वैतागून म्हणालो, "बाई, तुम्हीच करा ना!"

"मी केलं तर मला येईल. मला येतंच आहे."

असा राग आला होता! पण त्यांनी सांगितलं तसा नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावरून आत शिरलो, साठलेल्या जुन्या अपडेटच्या फायली काढल्या आणि दुकान सुरू झालं. ती साफसफाई आता मी अधूनमधून आपणहून करतो.

पुढे मधुमेहानं बाईंची नजर गेली. तरी पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू करून त्या बहिणीला मेल लिहीत. एक दिवस अपडेट चालू असतानाच वीज गेली. नंतर संगणक काळ्या पडद्यावरच अडकला, आवाजही बंद. त्यांच्या मुलाचा फोन आला, "दादा, एकदा बघून जा. नाही जमलं तर भंगारवाल्याला देऊन टाकतो. आईला तसंही कुठे दिसतंय आता?"

मी गेलो. बाई कीबोर्डसमोर ताठ बसल्या होत्या. माझा हात पुढे गेलाच होता, तो मागे घेतला. स्टूल ओढलं, हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. अपडेट अर्धवट राहिलं होतं आणि ते पूर्ण करायची कमांडही तिथेच लिहिलेली होती. मी अक्षर अक्षर वाचत गेलो, त्यांची बोटं न अडखळता चालत राहिली.

"पासवर्ड मागतोय," मी म्हणालो.

त्यांनी टाकला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना दिसलं नाही, मलाही नाही. मग ओळी भराभर सरकू लागल्या. थोड्या वेळानं संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि तो आवाज बोलू लागला.

बाईंनी मुलाच्या दिशेनं मान वळवली. "ऐकलंस ना? भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग."