थाळी दिसेनाशी होते तिथे

तळ्याच्या मध्यावर नाव थांबवायची, काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वहीत लिहायची, हे काम तात्यांनी बावीस वर्षं इमानेइतबारे केलं. खोलवर दिसली तर पाणी स्वच्छ, लवकर लपली तर गढूळ, इतकं साधं. तरी थाळी खाली जाऊ लागली की तात्या रोज नव्याने वाकून बघायचे. माणूस मुळात चौकसच.

आता प्रयोगशाळेतल्या मॅडम उपग्रहाने काढलेले तळ्याचे नवे-जुने फोटो तात्यांच्या वहीशी ताडून बघत होत्या. त्यावरून पुढच्या वर्षी पाणी कसं असेल याचं गणित मांडायचं होतं. ते काही केल्या जुळेना.

"तात्या, उपग्रह म्हणतो सहा वर्षांत पाणी जसंच्या तसं आहे. तुमच्या वहीत ते दरवर्षी गढूळ होत गेलंय आणि गेल्या महिन्यात एकदम दीड मीटरने स्वच्छ झालंय! तुम्ही खरंच तळ्यावर जाता ना?"

हे तात्यांच्या जिव्हारी लागलं. वही खोटी ठरली तर बावीस वर्षं मातीमोल की! पण रागापेक्षा कुतूहल मोठं. गेल्या महिन्यात झालं तरी काय? नाव तीच, दोरी तीच, थाळी तीच. बदललं होतं एकच, आणि ते त्यांनी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. कळलं तर नावेवरून उतरवतील या धास्तीने पुतणीच्या लग्नाची थाप मारून रजा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा डोळा झाकून थाळी सोडली. साडेतीन मीटर. मग उजवा झाकला. दोन मीटरलाच थाळी गडप! तात्या नावेत एकटेच खो खो हसले आणि मग दोरी ओढता ओढता मध्येच थांबले. सांगितलं तर नाव जाणार, न सांगितलं तर वही.

ओली दोरी खांद्यावर तशीच ठेवून ते मॅडमच्या टेबलापाशी उभे राहिले.

"मॅडम, पाणी ठीकच होतं, नजर गढूळ होती. मोतीबिंदू काढलाय, म्हणून रजा घेतली होती. लग्न वगैरे काही नव्हतं. मला पुतणीच नाही."

मॅडमनी वहीची पानं मागे उलटली. मग त्यांनी संगणकाचा पडदा तात्यांकडे वळवला. "पहिली सोळा वर्षं तुमची वही आणि फोटो अगदी तंतोतंत जुळतात. पुढचं डोळ्याचा फरक धरून सुधारता येईल. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"तोवर रोज एकेका डोळ्याने वेगवेगळं मोजून आणा. हे तुमच्याशिवाय कोण करणार?" पडद्यावर वहीची आणि फोटोंची रेघ वेगळी होत होती तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा, मोतीबिंदू इथे सुरू झालाय. सहा वर्षांपूर्वी."

तात्यांना भरून आलं. घरी पोचताच त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सातशे किलोमीटर उंचीवरून आपला मोतीबिंदू पकडला गेला, याचं त्यांना कोण कौतुक!

बायको भाजी निवडत होती. "मी याच घरातून सहा वर्षं सांगत होते, डोळे दाखवून या म्हणून," ती म्हणाली. "ते लिहिलंय का वहीत कुठे?"