उपाशी माणसाला शेल नाही

"आधी खा, मंग टाइप करजो." पदर खोचून कुणाच्या तरी पुढ्यातला कीबोर्ड बाजूला सरकवत मॅडम हे म्हणायच्या. देवळीच्या आमच्या कॉलेजात त्या युनिक्स शिकवत, मी गणित. असं खाऊ घालणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. पण त्यासाठी कॉम्प्युटरला कामाला लावणारं नक्कीच नाही.

शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम लिहिला की मशीन कामाला लागतं. उघडताना ती एक फाइल वाचते आणि तिच्यात सांगितलंय तसं वागते. पोरं गावोगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं येत, बहुतेक उपाशीच. एक मुलगी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली आणि मॅडमनी त्याच दिवशी सगळ्या मशीनच्या त्या फाइलीत प्रश्न घातला: 'जेवलास का?' 'हो' लिहिलं तर शेल चालू. 'नाही' लिहिलं की खिडकी गायब, आणि मॅडमचा डबा हजर!

"मॅडम, अहो हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी चिडवायचो.

"पुस्तक लिवणारा जेवून बसला असन जी, त्याले काय मालूम?"

मग प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आधी लॅब तपासणार होते. त्यांनी नापास केली तर परीक्षा वर्ध्याला, आणि तीनचार मुलींना घरचे तिकडे पाठवणारच नव्हते. मॅडम सकाळपासून माळ ओढल्यासारख्या केबल चाचपत होत्या. ती फाइल मात्र साफ विसरल्या.

परीक्षक बसले. शेलनं विचारलं. त्यांनी 'नाही' लिहिलं. खिडकी गायब. पुन्हा उघडली, पुन्हा गायब.

"साहेब, 'हो' लिहा ना," मी म्हणालो.

"आज संकष्टी आहे माझी. इथून केळझरला गणपतीला जाणार आहे, आणि खोटं लिहू?"

"मग मी लिहितो. मी दोन पोळ्या खाऊन आलोय."

"तुमच्या पोळ्यांवर माझं मशीन कसं चालेल?" ते उठलेच. "इथं परीक्षा होणं कठीण आहे."

मॅडमचा चेहरा पांढराफटक. "मले बी चतुर्थीच हाये," त्या पुटपुटल्या. मग एकदम त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकी उघडायच्या आधीच मशीनला नवा हुकूम दिला. मोठ्यानं म्हणतही होत्या, "बॅश, डॅश डॅश नोआरसी! म्हणजे शेल, तू सुरू हो, पण ते फाइल वाचू नको. पाहा साहेब, आता थो काई विचारत नाई, आपण काई खोटं बोलत नाई."

शेल निमूट उघडलं. परीक्षक खिडकीकडे बघत राहिले आणि मग असे हसले, असे हसले की त्यांचा चष्मा कीबोर्डवर पडला. "परीक्षा इथंच," ते म्हणाले. "पोरांच्या मशीनवरची फाइल मात्र राहू द्या. बघू तरी."

पोरं बसली. एकेक खिडकी पटापट गायब होऊ लागली. परीक्षेच्या धाकानं निम्मा वर्ग उपाशी आला होता, आणि मॅडमच्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. परीक्षकांनी घड्याळ खिशात टाकलं. मॅडम चौकाकडे धावत सुटल्या, मी मागे. आम्ही गरम पोहे आणि त्यावर ओतायच्या झणझणीत तर्रीचं पातेलं घेऊन परतलो.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि तळेगावला राहायला गेल्या. परीक्षा अजून देवळीतच होते, मुलीही येतात. मॅडमची मला फार आठवण येते. डोळ्यांपुढे मात्र तीच सकाळ उभी राहते: मॅडम द्रोणात पोहे घालताहेत, परीक्षक बाह्या सरसावून त्यावर तर्री ओततायत, आणि अख्ख्या लॅबमध्ये उपाशी काय ती ही दोनच माणसं, पोरांपेक्षा जास्त खुशीत.