माझा पटका मीच बांधायचो

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या साली सोलापूरच्या डॉक्टरनं माझ्या हाताच्या थरथरीला नाव दिलं, कंपवात. बरा होत नाही म्हणाला, गोळ्या खाऊन सांभाळायचा. मी म्हणालो, जन्मभर मेंढरं सांभाळली, आता ह्याला सांभाळू व्हय? तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मेंढरं विकून मी माळशिरसकडनं सोलापुरात पोराच्या घरी आलो होतो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण डोक्याचा पटका बांधायला कधी कुणाचा हात लागला नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझा मीच बांधायचो. आता एक पीळ बसवावा तर दुसरा सुटायचा, कापड सगळं मांडीवर. पोरानं बाजारातनं शिवलेला फेटा आणला, लग्नात घालतात तसला. मी म्हणालो, मग नवरीपण बघून ये. टोपी घाला म्हणाला, ती खुंटीलाच राहिली.

बोडक्या डोक्यानं उंबरा ओलांडायची आमच्यात रीत नाही. मग ओलांडलाच नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणायचो. सगळा पावसाळा खोलीत काढला. खिडकीतनं समोरच्या घराची भिंत दिसायची, तेवढीच.

दिवाळीच्या तोंडाला गावाकडचा जोडीदार आला. आम्ही बरोबर मेंढरं राखलेली. दारात त्याचा आवाज ऐकला तसं मी सुनेला खुणेनं सांगितलं, झोपलेत म्हण, आणि खोलीची कडी लावून घेतली.

"दिवसा झोपलाय? ह्यो? मग लई आजारी हाय की," तो म्हणाला. बराच वेळ बसला. चहा घेतला, माझ्या नातीचं लगीन ठरलंय, त्याला यायला सांग म्हणाला आणि गेला. मी दाराआड उभा होतो. कडी वाजू नये म्हणून हात काखेत दाबून धरला होता.

तो गेल्यावर सून दाराशी आली. "मामा, तुमच्यापायी एकदा खोटं बोलले. परत न्हाय बोलनार. पटका मी बांधते, कसा ते दावा."

सासऱ्याच्या डोक्याला सुनेनं हात लावायचा? आमच्यात ती समोर येताना पदर घेते. मी आतली कडी काढलीच नाही. रात्री जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा कामावर गेला, तसा मी पटका घेऊन पाटावर बसलो. तोंड भिंतीकडं केलं आणि सुनेला हाक मारली. ती आली. कापड मागं तिच्या हातात दिलं आणि त्याचं एक टोक मी दातात धरलं, म्हणजे बोलायचं काम नको.