लाल बटण आणि मुंगीवरचा संशय

आमच्या भाडेकरू संघटनेचं वेबपेज बनवणारीला सगळे मुंगी म्हणतात. अंगाने एवढीशी, बोलणं त्याहून कमी. झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता दुसऱ्यांची पेजं उसवून बघत ती हे शिकली. मीही रस्त्यावरच शिकलो, म्हणून विश्वास टाकला. पण गेल्या महिन्यात ती आमच्या खोल्या पाडायला निघालेल्या बिल्डरच्या ऑफिसातून उतरताना दिसली, तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

त्याच्या योजनेवरच्या हरकती शुक्रवारी पाचपर्यंत आमच्या पेजवरून पाठवायच्या होत्या. हरकत पोचली नाही, तर खोलीवर हक्क नाही. तळमजल्यावरच्या काकांची बोटं लेथमध्ये गेलेली. माउस धरता येत नाही, म्हणून ते कीबोर्डवरचा टॅब दाबत एका बटणावरून दुसऱ्यावर सरकतात. तीनदा अर्ज भरला, तीनदा पुसला गेला. आपण कुठल्या बटणावर आहोत ते दिसतच नव्हतं, त्यामुळे ‘पाठवा’ समजून ‘रद्द करा’वर एंटर बसत होता.

शुक्रवारी दुपारी काकांना घेऊन तडक मुंगीच्या खोलीवर गेलो.

“बिल्डरकडे कशाला गेली होतीस?”

“त्यांचं पेज केलं. पोट मलाही आहे, दादा.”

“आणि आमची बटणं मुद्दाम मुकी केलीस.”

तिने मान वर न करता कोड उघडला. बटणाच्या ओळीतच रंग, कड, सगळं कोंबलेलं.

“‘लाल असा ठोक, की कुणाच्या बापाला बदलता येऊ नये. ती निळी चौकट काढ, भिकार दिसते.’ कोण म्हणालं होतं? टॅब कुठे पोचला, ते ती चौकटच दाखवत होती. ओळीत लिहिलं की बटणाला एकच रूप. माउस आला, टॅब पोचला, त्या वेळचं रूप तिथे लिहिताच येत नाही. वेगळ्या फाइलीत लिहिलं, तरी ओळीतलंच वरचढ ठरतं. हे सांगितलं, तर म्हणालात, मला शिकवू नकोस.”

म्हणालो असेन. तरी तिच्या मागे उभा राहून एकेक अक्षर बघत होतो. तिने ओळ रिकामी केली आणि वेगळ्या फाइलीत लिहिलं: टॅब पोचला की जाड पिवळी चौकट.

काकांनी पुन्हा अर्ज भरला, टॅब दाबला. चौकट ‘पाठवा’भोवती उमटली. ते थांबले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले, “हेच ना गं पोरी?”

“हेच.”

हरकतीचा क्रमांक आला. मी तो दोनदा वाचला, न जाणो.

“बाकीच्यांना फोन लावा,” मुंगी म्हणाली. “कुणाकुणाचं पुसलं गेलं, मला दिसत नाही.”

पाच वाजायला वीस मिनिटं होती. पहिल्या बिऱ्हाडाने विचारलं, चूक कुणाची? मी सांगितलं, माझी.