अस्वलाला दिलेला शब्द

कुरखेड्याचा मित्र चहा पिता पिता म्हणाला, "पोरीचं जमलं, जिवतीले." माझा कप हातातच राहिला. जिवती फार लांब म्हणून हाच अडून बसला होता आणि त्यापायी वहिनींनी अबोला धरला होता!

"मोहफुलं वेचून राह्यलो होतो. झुडपामागं खसफस झाली. मले वाटलं, हीच हाय. म्हटलं, बोल ना आता, देऊ पोरगी जिवतीले. तर अस्वल उभं झालं!"

"मग?" मी विचारलं.

"मांगून हिनं पाण्याचा जर्मनचा गंज बडवला, तवा पळालं. मी म्हटलं, शब्द तर अस्वलाले देल्ला होता, तुले नाई."

शेजारी बसलेल्या वहिनी उसळल्या, "भाऊ, अस्वलाले हाकललं मी. त्याले देल्लेला शब्द आता माहाच!"