अपघात : निरंक

आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता पूर्वी द्राक्षबागांमधून जाणारा शिवाररस्ता होता. शहराच्या विकास आराखड्यात तो आला, रुंद झाला, डांबरी झाला. बाजार समितीकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या पिकअपना, टँकरना आणि कंपनीच्या बसना शहरातले सिग्नल चुकवायची वाट मिळाली. मध्ये दुभाजक आहे. कॉलनीसमोर त्यात आठेक फुटांची फट आहे. ती कोणी ठेवली, हे कोणालाच सांगता येत नाही. गतिरोधक नाही, पांढरे पट्टे नाहीत. दूध केंद्र, दवाखाना, शाळा आणि बुद्धविहार पलीकडे. म्हणजे राहायचं इकडे आणि लागणारं सगळं तिकडे.

मी तीस वर्षं एका दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत काम केलं. शेवटची बारा वर्षं शहर पान माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर कॉलनीतले अर्ज माझ्याकडे येऊ लागले : पाण्याचा, पथदिव्याचा, मोकाट कुत्र्यांचा. रस्त्याचा अर्ज शेजारच्या बाईंनी आणला. त्या शिक्षिका होत्या आणि सगळी कॉलनी त्यांना बाईच म्हणते. त्यांचे यजमान मनमाडला मालगाडीवर गार्ड होते, म्हणून ते गार्डसाहेब.

गार्डसाहेबांना काचबिंदू होता. उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. डाव्याने समोरचं दिसे, बाजूचं दिसत नसे. विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडे होती. रोज संध्याकाळी पाच वाजता रस्ता ओलांडून जायचं आणि कुलूप उघडायचं, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. स्पर्धा परीक्षा देणारी पंचवीस-तीस मुलं-मुली पायरीवर वाट बघत बसलेली असत. ते त्यांना गावाच्या नावाने हाक मारत. सिन्नर आली का? येवला आज कुठाय?

बाईंनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"डॉक्टर म्हणतात, दीड-दोन वर्षं. मग डावाही जाईल. तेवढी दीड-दोन वर्षं त्यांना एकट्याने जाऊ द्यायचंय मला."

"तुम्ही सोबत गेलात तर?"

"मी हात धरला तर ते जाणारच नाहीत. ओळखता ना तुम्ही."

"आणि गतिरोधकाने भागेल?"

"गाडी हळू झाली की ते आवाजावर ओलांडतात. रेल्वेतले कान आहेत."

गार्डला गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंतची प्रत्येक वेळ लिहून ठेवावी लागते. गाडी कुठे थांबली, किती मिनिटं, का. नोकरी संपली तरी ती सवय गेली नव्हती. रस्ता ओलांडण्याचीही त्यांची वही होती. मोठ्या, तिरप्या होत चाललेल्या अक्षरात : '५.०१ फटीपाशी. ५.०८ पलीकडे. टँकर, हॉर्न नाही.' रोज एक ओळ. मी वही चाळली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे डबा घसरला तरी नोंद, नाही घसरला तरी नोंद. नोंद नाही म्हणजे झालंच नाही."

अर्ज मी लिहिला. 'या ठिकाणी वारंवार अपघात होतात' हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदात घेतलं. कॉलनीतल्या प्रत्येक घराची सही घेतली. महापालिकेत तेव्हा निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासक होता. त्यामुळे नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायची सोय नव्हती. विभागीय कार्यालयात अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला आणि पाच महिने दर पंधरा दिवसांनी विचारत राहिलो. सहाव्या महिन्यात उत्तर आलं. त्यातली दोन वाक्यं अशी : 'सदर ठिकाणी मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत अपघात : निरंक. सबब गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.'

मी अभियंत्याला भेटलो. तरुण होता, सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला.

"सर, मागेल त्याला गतिरोधक द्यायला लागलो तर उद्या त्याच्यावरून पडलेला माणूस आम्हालाच कोर्टात उभं करेल. पोलिसांचा आकडा लागतो. एक तरी एफआयआर दाखवा. निदान पेपरची कात्रणं जोडा. तुमच्या तर घरचंच काम आहे."

उत्तर वाचून दाखवायला विहारात बैठक बोलावली. लोक संतापले. निरंक कसं? मागच्या दिवाळीत कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीचा हात मोडला तो काय? दूध केंद्रवाल्याचा मेहुणा उडाला तो? पोस्टमनची सायकल? मी त्या उत्तराच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेलो. अकरा झाले.

"यातल्या किती वेळा पोलिसांत गेलो आपण?" बाईंनी विचारलं.

दूध केंद्रवाला म्हणाला, "कशाला जायचं? सरांच्या व्हरांड्यात मिटलं की सगळं."

सर म्हणजे मी.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. धडक झाली की लोक दोघांनाही माझ्याकडे आणत. पेपरातला माणूस, दोन्हीकडचं ऐकून घेईल, म्हणून. अकरापैकी सहा माझ्यासमोर मिटले होते. त्या मुलीचा हात टोमॅटोच्या पिकअपने मोडला होता. ड्रायव्हर पेठ तालुक्यातला होता. माझ्या पायरीवर तो उभाच राहिला होता, बसला नाही. "गाडी मालकाची हाय साहेब. केस झाली तं उद्यापासून गाडीवर ठेवणार नाय मला." मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, कोर्टाच्या तारखा कोण करणार, प्लॅस्टरचं काय ते तो देईल. त्याने दिलं. सगळ्यांनी चहा घेतला. हॉस्पिटलमध्ये काय सांगायचं, हेही मीच सांगितलं. रस्त्यावरचा अपघात म्हटलं की त्यांना पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून बाथरूममध्ये पाय घसरला. जवळच्या हॉस्पिटलांचे कागद कोणी एकत्र वाचले, तर आमच्या कॉलनीतली बाथरूम जिल्ह्यातली सर्वांत धोकादायक ठरतील.

राहिली कात्रणं. जुन्या कार्यालयात जाऊन मी दोन दिवस फायली चाळल्या. आमच्या रस्त्याची एकही ओळ मिळाली नाही. मिळणार नव्हती. शहर पानाचा नियम मीच घातला होता. बातमीदार अपघात सांगायला आला की मी एकच विचारायचो, "मयत आहे का?" नाही म्हटलं की, "मग राहू दे." पानाला जागा कमी असते आणि हात मोडणं ही बातमी नसते. एकदा एका बातमीदाराने फोनवर सांगितलं होतं, "सर, तुमच्याच कॉलनीसमोर झालाय." मी त्यालाही राहू दे म्हणालो होतो. उलट आपल्या घरासमोरची बातमी आपण लावत नाही, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पुढच्या बैठकीत ठरलं : यापुढे मिटवायचं नाही. कोणीही असो, चौकीत जायचं. हात वर करून सगळे हो म्हणाले. अभ्यासिकेतली मुलंही होती, त्यांनीही हात वर केले.

सव्वादोन महिन्यांनी, पाच वाजून तीन मिनिटांनी, गार्डसाहेब फटीतून पुढे निघाले. दुभाजकाच्या अलीकडून, त्यांच्या पाठीमागून टँकर जात होता. त्याच्या आवाजात मोटारसायकलचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. मोटारसायकल बाजूने आली, जिकडचं त्यांना दिसत नव्हतं. चालवणारा अभ्यासिकेकडेच चालला होता.

चौघांनी त्यांना उचलून माझ्या व्हरांड्यातल्या दिवाणावर आणून ठेवलं. रस्त्याला लागून तेवढंच घर. रुग्णवाहिका सांगितली होती. मोटारसायकलवाला पळाला नव्हता. हेल्मेट हातात धरून तो पायरीवर उभा होता.

"लय मोठी चूक झाली, सर," तो मला म्हणाला.

गार्डसाहेबांनी आवाजावरून मान वळवली. "नांदगाव का रे?"

"हो साहेब."

"कागद आला का पडताळणीचा?"

"नाही अजून."

चार वर्षं तो त्या अभ्यासिकेत बसत होता. जिल्ह्याबाहेरच्या एका कार्यालयात लिपिकाच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं होतं. पोलीस पडताळणी बाकी होती. गुन्हा दाखल आहे का, या रकान्यात काय येतं, यावर त्याची नेमणूक होती. व्हरांड्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, कारण निवडीचे पेढे प्रत्येकाने खाल्ले होते.

"चौकीत मी जाणार," बाई म्हणाल्या. "आत्ता. एक तरी नोंद होऊ दे या रस्त्याची."

"नोंद नाही करायची," गार्डसाहेब म्हणाले.

"तुम्ही म्हणताय हे? दोन मिनिटं गाडी थांबली तरी लिहीत होतात आयुष्यभर."

"तेव्हा कुणाचं पोट जात नव्हतं त्यात."

"जात होतं. तुमच्या लिहिण्याने ड्रायव्हर सस्पेंड झालेत. घरी येऊन रडलेत त्यांच्या बायका, माझ्यासमोर. तेव्हा लिहिलंत."

गार्डसाहेबांचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. हात मोडलेल्या मुलीच्या वडिलांनी बघितलं होतं, तसंच. मी नांदगावच्या मुलाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. हात वर केलेले सगळे तिथेच होते. कोणी हात वर केला नाही.

रुग्णवाहिका आली. मी सोबत गेलो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने फॉर्म भरताना विचारलं, "कसं लागलं?"

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"बाथरूममध्ये पाय घसरला," मी म्हणालो.

खुब्याचं ऑपरेशन झालं. ते घरी आले, पण उठून चालले नाहीत. वॉकर धरायला समोरचं नीट दिसावं लागतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली दीड-दोन वर्षं पुढच्या आठ महिन्यांत संपली. नांदगावचा मुलगा नोकरीवर रुजू झाला. जाण्याआधी पाया पडायला आला होता. गार्डसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

अभ्यासिकेचं कुलूप आता बाई उघडतात. पाचला किल्ली घेऊन निघतात आणि फटीत उभ्या राहतात.

या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज करायला सांगितलं. या वेळी सोबत त्यांनी वही दिली. "ही जोडा. यात सगळं आहे." तीन वर्षांच्या नोंदी होत्या. किती मिनिटं थांबावं लागलं, कोणती गाडी, कोण ओरडलं. मी छायाप्रती काढल्या आणि मूळ वहीही घेऊन गेलो. बाई सोबत आल्या, पण पायऱ्या चढवत नाहीत म्हणून खाली थांबल्या.

अभियंता तोच होता. त्याने वही मनापासून वाचली. पानं उलटताना एकदा हसलाही.

"असा कागद आमच्या खात्यात कोणी ठेवत नाही, सर. पण यात अपघात कुठाय?"

त्या दिवसाचं पान मी शोधलं. वही बाईंकडून घेतली तेव्हा ते मी उघडलं नव्हतं. ओळ बाईंच्या अक्षरात होती. हॉस्पिटलमधून गार्डसाहेबांनी सांगितलेली असणार आणि बाईंनी, चौकीत निघालेल्या बाईंनी, ती तशीच उतरवून घेतलेली. 'गेलो नाही.'

दुसऱ्या दिवशी 'गेलो नाही.' तिसऱ्या दिवशी 'गेलो नाही.' तिथून शेवटपर्यंत, तारीख आणि तेवढंच. बाईंच्या ओलांडण्याची नोंद कुठेही नव्हती.

"म्हणजे आता ते रस्ता ओलांडतच नाहीत," अभियंता म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याने अर्जावर शिक्का मारला आणि क्रमांक घातला.

खाली बाई विचारत होत्या, "वही वाचली त्यांनी?"

"वाचली."

"सगळी?"

मी हो म्हणालो. त्यांनी वही पिशवीत ठेवली आणि घड्याळ बघितलं. पाचला कुलूप उघडायचं होतं.