तुळसाचा खुबा

तुळसाच्या जिभेतून सुटलेलं माणूस दादरच्या मासळीबाजारात शोधून सापडलं नसतं. नवरा जगन बोट विकून मंडळाच्या कट्ट्यावर बसून राही, म्हणून तो बिनकामाचा. धाकटी जाऊ रखमा सुरमईची तुकडी तिरकी पाडी, म्हणून ती बिनडोक. गिऱ्हाइकं तर सगळी एका माळेचे मणी: कल्ला उचलून बघायचं, नाक मुरडायचं, घासाघीस करायची आणि शेवटी तोच मासा घेऊन जायचं. तुळसा त्यांच्या तोंडावर हसे आणि पाठ वळली की मनातलं बोलून घेई.

ही जागा तिला सासूकडून मिळाली होती. सोनूबाई आधी लालबागला बसायची. गिरण्यांचा संप चिघळला, तिथल्या घरांत मासळी शिजेनाशी झाली, तेव्हा म्हातारीने पाटी उचलली आणि दादरला येऊन, चारचौघींशी भांडून हातभर जागा मिळवली. तिच्यामागे त्या लाकडी पाटावर तुळसा उकिडवी बसली ती बसलीच. पाटावरची तुळसा म्हणजे बाजारातली मोठी असामी, हे तिचं स्वतःचं मत होतं आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

चाळिशी आली आणि उजवा खुबा दुखू लागला. पाटावरून उठताना जांघेतून कळ जाई. परळला बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका चकचकीत इस्पितळात तरुण डॉक्टरने फोटो बघून सांगितलं, "मावशी, दुर्बिणीने करू. दोन छोटी भोकं. दुसऱ्या दिवशी घरी."

इथेच तुळसा फसली. कोळीवाड्यात ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच असतो: टाके किती? जेवढे टाके, तेवढा मान. रखमाचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं होतं, तेव्हा तुळसानेच तिला आठवड्यात टोपल्या उचलायला लावल्या होत्या. "भोकं पाडली म्हंजे काय ऑपरेशन झालं?" असं वर सगळ्या बाजाराला ऐकवलं होतं. आता पाळी स्वतःवर आल्यावर नियम बदलला तर ती तुळसा कसली? डॉक्टरने खाली बसू नका म्हणून बजावलं होतं, तरी ही बया आठवड्यात पाटावर हजर.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत गेलं. सांगणार कुणाला? बायका टाके विचारत आणि आकडा ऐकून माशांकडे वळत. जगन म्हणाला, "दोन टाक्यांचं काय कवतिक लावलंस?" रखमाने तेवढं विचारलं, "लय दुखतंय काय गो बाय?" तिची कीव तुळसाला कळेपेक्षा जास्त झोंबली.

तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही लवकर बसलात. सांध्यातली गादी झिजली." तुळसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं गप ऐकून घेतलं, कारण ती बसली होती हे खरंच होतं. कित्येक महिने तिने स्वतःलाच शिव्या घातल्या.

मग दादरच्या एका वयस्क डॉक्टरांनी नवे फोटो काढून घेतले. जुने शेजारी ठेवून ताडून पाहिले. "ही नुसती झीज नाही. गादीवर ओरखडा आहे. हत्यार आत शिरताना लागलंय. सांधा अरुंद असतो, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होतं. पण त्याने सांगायला हवं होतं. तुमच्या बसण्याने वाढलं असेल, सुरुवात तिथली नाही."

तुळसा तशीच लंगडत परळला गेली. तरुण डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "तसं काही ठामपणे म्हणता येणार नाही."

"माझ्या हातून पापलेट फाटलं तर मी पन गप फडक्याखाली सारते," तुळसा म्हणाली. "पन ते मेलेलं असतं, डॉक्टर."

त्याने पुढचा पेशंट बोलावला. तुळसाला त्याची किळस आली, पण किळसेने खुबा थोडाच बरा होतो.

आता सांधा बदलण्यावाचून इलाज नव्हता, आणि नवा सांधा बसवल्यावर उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. तिने वर्षभर अंगावर काढलं. जगनने खुर्ची टाकायचं सुचवलं. "खुर्चीवर बसून मासे विकायला मी काय बँकेत हाय?" अखेर एका सकाळी तिला पाटावरून उठताच येईना. शेजारच्या दोघींनी काखेत हात घालून उठवलं. पाट रखमाकडे गेला.

सांधा बदलून झाल्यावर तुळसा काठी टेकत बाजारात आली आणि आपल्या जागेसमोर उभी राहिली. गिऱ्हाइकं तिची चौकशी करणार, रखमाच्या हातचं घ्यायला कुरकुरणार, याची तिला खात्री होती. त्यांना काय काय सुनवायचं तेही ठरलेलं होतं. पण माणसं येत होती, कल्ले उचलत होती, रखमाशी घासाघीस करून जात होती.

तेवढ्यात शिवाजी पार्कच्या एक बाई आल्या. त्यांच्या लेकीला काटा काढता येत नव्हता, तेव्हापासून त्यांची पापलेटं तुळसाच कापत आली होती. बाई तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा थांबल्या. तुळसाला त्यांनी कधी उभं पाहिलंच नव्हतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"जरा सरकता का हो?" बाई म्हणाल्या. "मासे दिसत नाहीयेत."

तुळसाने काठी उचलून बाजूला टेकली. ती सरकली.